पुराच्या वर्षातला आगमनकाळ : बडोद्याहून

काठावरची · रविवार, १ डिसेंबर २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

आज अ‍ॅडव्हेंटचा पहिला रविवार. नाताळच्या आधीचे चार रविवार धरून जो काळ पाळतात त्याला आम्ही आगमनकाळ म्हणतो. चर्चचं नवं वर्षही याच दिवशी लागतं. इथे ख्रिस्ती वाचक मोजके आहेत हे माहीत आहे. तरी धागा सगळ्यांसाठी काढतेय, कारण २०२४ हे वर्ष आम्हा बडोदेकरांना एकजात जड गेलं.

१८ जानेवारीला हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या रात्री गावात कुठल्याच घरी नीट जेवण झालं नसेल. मग ऑगस्ट उजाडला. जन्माष्टमीला पाऊस कोसळत होता, आणि बघता बघता विश्वामित्री नदी शहरात शिरली. धोक्याची पातळी २६ फूट, पाणी ३५ च्याही वर चढलं. सोसायट्यांत मगरी आल्याचे व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिले. पण पाणी ओसरल्यावर घरात जो वास राहतो तो व्हिडिओत कळत नाही. कुजलेले गहू, ओल्या गाद्या, गाळ.

आमचं घर समा भागात, तळमजल्यावर. दिवाळीआधी रंग काढला, तरी खिडकीच्या गजांच्या उंचीवर पाण्याची रेघ परत उमटली आहे. तिथे हात लावला की भिंत गार लागते आणि बोटांना पांढरा लोणा चिकटतो. ऑक्टोबरात सासूबाई गेल्या. पुरात वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून नेलं होतं. तेव्हा त्यांनी जी हाय खाल्ली, त्यातून त्या उठल्याच नाहीत.

त्यामुळे आज सकाळी चर्चला जायला पाय उचलत नव्हता. आमच्याकडे उपासना गुजरातीत होते, घरी रविवारची प्रार्थना मराठीत. शुभवर्तमानाचं वाचन होतं लूक, अध्याय २१. आमच्या आणि रोमन कॅथलिक चर्चमध्ये वाचनांचं तीन वर्षांचं चक्र असतं, यंदापासून लूकचं वर्ष सुरू झालं. वाचन असं : सूर्यचंद्रांत चिन्हं दिसतील, समुद्र आणि लाटांच्या गर्जनेनं राष्ट्रं गांगरून जातील, पुढे काय वाढून ठेवलंय या भीतीनं माणसांचा धीर सुटेल. आणि त्याच दमात येशू सांगतो, हे घडायला लागेल तेव्हा सरळ उभे राहा, माना वर करा.

पाण्याच्या गर्जनेचं वाचन! समोर बसलेल्या निम्म्या लोकांच्या घरात ऑगस्टमध्ये पाणी होतं. वाचणाऱ्या मुलीचा आवाज तिथे अडखळला. माझ्या शेजारच्या आजींनी माझं मनगट धरलं ते वाचन संपेपर्यंत सोडलं नाही.

नाताळ म्हटलं की चांदणी, केक, करंज्या डोळ्यांपुढे येतात. पण त्याच्या आधीच्या या काळाची सुरुवात होते संकटापासून, आणि ते संकट नाव घेऊन, मोठ्यानं, सगळ्यांसमोर वाचलं जातं. मग चारपैकी एकच मेणबत्ती लावतात. बाकीच्या तीन तशाच राहतात. इतकी वर्षं हे बघतेय, पण यंदा मला त्याचा खरा आधार वाटला. जे झालं ते चांगल्यासाठीच झालं, असं तिथे कोणी म्हणालं नाही. दिवाही लावला आणि अंधारालाही अंधारच म्हटलं.

तुम्ही अशा वर्षात काय धरून राहता? कुठल्याही धर्माचे असा, काहीच मानत नसाल तरी लिहा. नाताळपर्यंत धागा चालू ठेवू.

---

निशिगंध · १ डिसेंबर, १०:१५

फार मनापासून लिहिलंय. वाचनखूण साठवली. ताई, त्या चार मेणबत्त्यांचं जरा नीट सांगाल का? माझ्या मुलीच्या कॉन्व्हेंटमध्ये बघितल्यात, पण कोणाला विचारलं नव्हतं.

---

मांडवीचा_मुलगा · १ डिसेंबर, १०:३१

+१. समा पुलापाशी आम्ही होतो ताई. जास्त लिहवत नाही.

---

काठावरची · १ डिसेंबर, ११:०५

मांडवीचा_मुलगा, नका लिहू. आलात हेच पुष्कळ.

निशिगंध, हिरव्या पानांचं गोल कडं करतात आणि त्यावर चार मेणबत्त्या बसवतात, तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक वाढवायची. गुलाबी तिसऱ्या रविवारची. आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावं देतात, क्रम चर्चप्रमाणे थोडा बदलतो. काही ठिकाणी मध्ये पाचवी, पांढरी, नाताळला लावतात.

आमचं नेहमीचं कडं पुरात गेलं. पुतण्याची सायकलही पाण्यात होती, तिची एक रिम तेवढी धड राहिली. ती पॉलिशपेपरनं घासली. देवदार इथे कुठून आणणार, तेव्हा तोरणाला लावतो तो आसोपालव बांधला. चहाच्या कुल्हडांत वाळू भरून मेणबत्त्या रोवल्या. बाजारात जांभळ्या मिळाल्या नाहीत, म्हणून पांढऱ्यांनाच खालच्या अर्ध्या भागात जांभळा घोटीव कागद गुंडाळला. कोणी करणार असेल तर कागद वातीपासून चांगला चार बोटं खाली ठेवा आणि मेणबत्ती तितकी उतरली की काढून टाका, पटकन पेट घेतो.

---

जुनी_वही · २ डिसेंबर, सकाळी ७:५०

ताई, रिमचं वाचलं आणि राहवेना, सकाळी उठून लिहायला बसलो.

हे कडं पहिल्यांदा झालं तेच मुळी चाकाचं. जर्मनीत हॅम्बुर्गला योहान हिन्रिख विशर्न नावाचे पाद्री होते. त्यांनी १८३३ मध्ये 'राउहेस हाउस' नावाचं घर सुरू केलं, रस्त्यावरच्या, उपाशी, टाकलेल्या पोरांसाठी. ती पोरं डिसेंबर लागला की रोज विचारायची, नाताळ आला का, नाताळ आला का. म्हणून १८३९ साली विशर्ननी गाडीचं एक जुनं लाकडी चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या छोट्या लाल वीस. रोज एक पेटायची. मुलांना मोजता येऊ लागलं, आणि रोज खोली कालच्यापेक्षा थोडी जास्त उजळायची. पुढे छोट्या मेणबत्त्या गळल्या, चारच उरल्या आणि जगभर गेल्या.

वीस छोट्या का, हे मी कॅलेंडर मांडून बघितलं. १८३९ मध्येही १ डिसेंबरला रविवार होता. १ ते २४ डिसेंबर म्हणजे चोवीस दिवस, त्यात चार रविवार, उरले वीस. यंदाही अगदी तसंच आहे, १ तारखेला रविवार. म्हणजे यंदा तुम्ही विशर्नचं मूळ चाक जसंच्या तसं लावू शकता, एकही मेणबत्ती कमीजास्त न करता. ज्यांच्याकडे काही नव्हतं अशा मुलांसाठी मोडक्या चाकावर ही चाल सुरू झाली. तुमचा आसोपालव आणि पुरातली रिम मला हॅम्बुर्गच्या त्या घराच्या फार जवळची वाटते.

---

निशिगंध · २ डिसेंबर, ९:२०

किती सुंदर माहिती! आज मुलीला सांगते. पणत्यांचं चाललं तर आम्हीही वीस अधिक चार मांडू.

---

काठावरची · २ डिसेंबर, ९:४५

पणत्या चालतील, का नाही चालणार! जुनी_वही, पुतण्याला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. सायकल गेली म्हणून तो दोन महिने घुम्यासारखा होता. आज स्वतःहून रिम परत घासायला घेतली.

---

दांडियाबाजार · ४ डिसेंबर, रात्री १२:२०

ताई, राग मानू नका, मनातलं लिहितो.

माझा धाकटा भाऊ जुलैत गेला. रात्री छातीत दुखतंय म्हणाला, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. पुढच्या महिन्यात पुरात गोदाम गेलं. माल गेला त्याचं काही नाही, तो पुन्हा भरता येतो. पण त्याची पत्र्याची पेटी गोदामात होती. फाइन आर्ट्सला होता तेव्हाची सगळी स्केचेस. मांडवीचं, न्यायमंदिराचं, कमाटीबागेतल्या माणसांचं, आईचं. पेटी उघडली तेव्हा आत करडा लगदा होता. हातात घेतला तर बोटांमधून गळला.

घरी येणारा प्रत्येक जण सांगतो, पॉझिटिव्ह राहा, यातूनही काहीतरी चांगलं निघेल. 'आशा' शब्द कानावर आला की मला उठून जावंसं वाटतं. तुमच्या पहिल्या मेणबत्तीचं नावच आशा आहे हे वाचून मी धागा बंद केला होता. परत उघडला, तो तिथे कोणी 'चांगल्यासाठी झालं' म्हणालं नाही असं तुम्ही लिहिलंत म्हणून.

मला खरंच विचारायचंय. तुमच्या लेखी आशा म्हणजे काय? सगळं ठीक होईल असं वाटणं? ते होणार नाही. माझा भाऊ परत यायचा नाही.

---

काठावरची · ४ डिसेंबर, सकाळी ६:३०

दादा, राग कसला. तुम्ही रात्री बाराला हे लिहीत होतात आणि मी झोपले होते याचंच वाईट वाटलं.

सगळं ठीक होईल असं वाटणं म्हणजे आशा, असं मलाही कधी वाटलेलं नाही. मला जे कळलंय ते सांगते. या काळात यशया संदेष्ट्याची वाचनं सारखी येतात. अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा उजेड दिसला, हे त्यातलं नवव्या अध्यायातलं वचन नाताळच्या कार्डांवर छापतात. त्याच्या आधीची ओळ कार्डावर कधी दिसत नाही. तिथे जबुलून आणि नफताली या दोन मुलखांची नावं आहेत. गालीलच्या बाजूचा हा उत्तरेकडचा प्रदेश. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात अश्शूरी सैन्यानं तो आधी तुडवला, तिथली माणसं धरून नेली. ज्या मुलखावर पहिला घाव बसला, उजेडाचं वचन त्याच मुलखाला दिलंय. आणि दिलं तेव्हा काही म्हणजे काही ठीक झालेलं नव्हतं. येशू त्याच गालीलात, नासरेथला वाढला, पण मध्ये सातेकशे वर्षं गेली. धरून नेलेली ती माणसं काही परत आली नाहीत. बायबल ती आली असं म्हणतही नाही.

दुसरं, आमच्या स्तोत्रसंहितेत रडण्या-भांडण्याची स्तोत्रं ढीगभर आहेत. तेरावं स्तोत्र सुरूच होतं ते देवाला 'कोठवर?' असं विचारून. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाचा एक शब्द नाही. ते कोणी काढून टाकलं नाही की त्याला गोड शेवट जोडला नाही. सासूबाई गेल्यावर मला तेवढं एकच स्तोत्र वाचता येत होतं.

तेव्हा माझ्या लेखी आशा एवढीच, की तक्रार करत का होईना, भांडत का होईना, तोंड फिरवायचं नाही. देवाकडूनही आणि माणसांकडूनही. तुम्ही धागा बंद करून परत उघडलात, तुमचा प्रश्न लिहिलात. मला ते त्यातलंच वाटतं. तुम्हाला तसं वाटायलाच हवं असा माझा आग्रह नाही.

भावाचं आईचं स्केच कसं होतं? सांगावंसं वाटलं तर सांगा.

---

दांडियाबाजार · ४ डिसेंबर, रात्री ११:१०

आई मेथी निवडत बसली होती. चष्मा नाकावर घसरलेला. हात नीट जमले नव्हते म्हणून तो ते कोणाला दाखवायचा नाही.

---

निशिगंध · ५ डिसेंबर, ८:००

दादा, त्यांच्या वर्गमित्रांना विचारलंत का? फाइन आर्ट्सच्या वार्षिक प्रदर्शनाच्या वेळी पोरं एकमेकांच्या कामाचे फोटो काढतात. कोणाच्या तरी जुन्या फोनमध्ये, हार्ड डिस्कवर काहीतरी असेल. आत्ता बळ नसेल तर नंतर विचारा. म्हणालात तर मी विचारते, माझी आतेबहीण त्याच सुमारास तिथे होती.

---

मनमोकळं · ५ डिसेंबर, ११:३०

समुपदेशनाचं काम करते म्हणून दोनच गोष्टी. पहिला सणासुदीचा काळ गेलेल्या माणसाशिवाय काढणं सगळ्यात अवघड असतं, त्यात तुमचं काही चुकत नाही. भेटायला जाणाऱ्यांनी उपदेशाऐवजी गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोलावं, ताईंनी स्केचबद्दल विचारलं तसं. आणि झोप, जेवण पार उडालं असेल, जगणं नको वाटत असेल, तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, १४४१६, फोन फुकट लागतो, मराठी-गुजरातीतही बोलतात. लाजू नका.

---

वसईची_लेक · ८ डिसेंबर, संध्याकाळी ६:१५

उशिरा वाचला धागा. आज दुसरी मेणबत्ती. पॅरिसच्या नोत्र दामचे दरवाजे काल उघडले, आज तिथे पहिली मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, झाली. १५ एप्रिल २०१९ ला ते जळताना टीव्हीवर बघून आमची आजी रडली होती. आज तिला मोबाइलवर दाखवलं.

आमच्या वसईलाही यंदाचा आगमनकाळ पोरका आहे. २५ जुलैला फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. मराठी वाचकांना ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून माहीत असतील, सुबोध बायबलमुळे माहीत असतील. आम्हाला ते हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेले आमचे फादर. त्यांच्याशिवाय पहिला नाताळ.

दांडियाबाजार यांचा प्रश्न वाचून एक गोष्ट आठवली, ती लिहितेच. डीट्रिख बॉन्होफर हे जर्मन पाद्री हिटलरच्या विरोधात गेले म्हणून एप्रिल १९४३ मध्ये पकडले गेले. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून नोव्हेंबरात, आगमनकाळाच्या तोंडावर, त्यांनी मित्राला पत्र लिहिलं. त्यात ते म्हणतात की तुरुंगाची कोठडी हे आगमनकाळाचं बऱ्यापैकी चित्र आहे. माणूस वाट बघतो, आशा करतो, काहीबाही करत राहतो, पण दार उघडायचं ते बाहेरूनच. त्यांच्यासाठी ते दार कधी उघडलं नाही. ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी दिलं, युद्ध संपायला महिनाही उरला नव्हता.

मला या पत्रातलं 'काहीबाही करत राहतो' फार पटतं. बाई गेली, घर गेलं, तरी आपण भांडी घासतो, पाणी भरतो, मुलाचा डबा करतो. त्यात काही थोर नसतं. पण वाट बघण्याचा काळ असाच तर जातो.

---

जुनी_वही · ८ डिसेंबर, रात्री ८:४०

वसईची_लेक, सुरेख. दार बाहेरून उघडतं हे मान्य, पण मग आपण एकमेकांचे 'बाहेर' असतो हेही खरं ना? दांडियाबाजार यांच्या कोठडीचं दार त्यांना आतून उघडता येणार नाही कदाचित. निशिगंध यांच्या आतेबहिणीला येईल.

---

वसईची_लेक · ८ डिसेंबर, ९:०५

हो. असं मी वाचलं नव्हतं. पटलं.

---

इंदुरी · ११ डिसेंबर, दुपारी ३:३०

आमच्या इंदूरकडचं सांगतो. मी ख्रिस्ती नाही, रामबागेतला मराठी माणूस. पण ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदुरात सिस्टर राणी मारिया यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं त्या समारंभाला शेजाऱ्यांबरोबर गेलो होतो, तेव्हापासून ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

सिस्टर मूळच्या केरळच्या, काम उदयनगरच्या आदिवासी पाड्यांत. सावकारांच्या कचाट्यातून लोकांना सोडवायच्या, बचत शिकवायच्या, हक्क सांगायच्या. ते काहींना सलत होतं. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये भर दिवसा त्यांना भोसकून मारलं. वय ४१. बसमध्ये माणसं होती, कोणी पुढे झालं नाही.

पुढे त्यांची धाकटी बहीण, त्याही सिस्टर, तुरुंगात गेल्या आणि मारणाऱ्याला राखी बांधली. घरच्यांनी त्याला माफ केलं, त्याच्या सुटकेसाठी खटपट केली. २००६ मध्ये तो सुटला.

हे मी कोणाला 'बघा, तुम्हीही माफ करा' असं सांगायला लिहीत नाही. ते ज्याचं त्याला ठाऊक, आणि दुसऱ्यानं सांगायची ती गोष्टच नव्हे. मला त्यातली वर्षं दिसतात. खून आणि राखी यांच्या मधली. त्या वर्षांत त्या बहिणीनं काय काय सोसलं असेल, किती रात्री तिलाही उठून जावंसं वाटलं असेल. आपण ऐकतो तेव्हा दोन वाक्यांत गोष्ट संपते, जगताना ती तशी संपत नाही. ताईंनी सातशे वर्षांचं लिहिलं तेव्हा मला हेच आठवलं.

---

मांडवीचा_मुलगा · ११ डिसेंबर, ५:००

इंदुरी काका, धन्यवाद. हे माहीत नव्हतं.

---

काठावरची · रविवार, १५ डिसेंबर, रात्री ८:३०

आज गुलाबी मेणबत्ती लागली. हा आनंदाचा रविवार. आजचं एक वाचन पौलाच्या पत्रातलं, फिलिप्पैकरांस, प्रभूमध्ये सदैव आनंद करा असं सांगणारं. पौलानं ते पत्र बंदिवासातून लिहिलं. आजवर इतक्या वेळा ऐकलं, पण वसईची_लेक यांनी कोठडीचं लिहिल्यावर आज वेगळं ऐकू आलं.

पण मला अडवलं ते शुभवर्तमानानं. लूक, तिसरा अध्याय. बाप्तिस्मा देणारा योहान रानात लोकांना खडसावतो, तेव्हा घाबरलेले लोक विचारतात, मग आम्ही करायचं काय? आता हा मोठं काही सांगणार असं वाटतं. तो म्हणतो, ज्याच्याजवळ दोन अंगरखे आहेत त्यानं ज्याच्याजवळ नाही त्याला एक द्यावा, अन्नाचंही तेच. जकातदारांना सांगतो, ठरलंय त्याहून जास्त घेऊ नका. शिपायांना सांगतो, कोणाला नाडू नका, पगारात भागवा. बास. आणि ही रानातल्या, देवाची वाट बघणाऱ्या लोकांना दिलेली उत्तरं आहेत!

तेव्हा आम्हीही उपासनेनंतर बसलो आणि यादी केली. वडसरकडच्या वस्त्यांत काही घरांत ऑगस्टपासून गाद्या नाहीत, फरशीवर गोणपाट टाकून झोपतात. आता थंडी पडलीय, खाली ओल अजून आहे, लहान पोरं खोकतायत. ज्यांच्याकडे जास्तीची गादी, चादरी, स्वेटर असेल त्यांनी सांगावं. गादी चांगल्या स्थितीतली हवी. फाटकी, डाग पडलेली देऊ नका, घेणाऱ्याला कसं वाटतं ते आम्ही सप्टेंबरमध्ये अनुभवलंय.

---

निशिगंध · १५ डिसेंबर, ९:००

पुण्याहून गाद्या नाही पाठवता येणार, पण चादरी पाठवते, नव्या. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

मांडवीचा_मुलगा · १५ डिसेंबर, ९:१०

आमच्या गणेश मंडळाकडे सप्टेंबरचा पूरमदतीचा थोडा निधी शिल्लक आहे. उद्या कार्यकर्त्यांशी बोलतो. कापूस पिंजून नव्याच भरून घेतल्या तर? रावपुऱ्यात आमच्या ओळखीचे पिंजारी आहेत, पुरानंतर त्यांचंही काम बसलंय. दोघांचं होईल.

---

काठावरची · १५ डिसेंबर, ९:२५

याहून चांगलं काय! त्यांनाच द्या काम.

---

दांडियाबाजार · १९ डिसेंबर, रात्री १०:५०

निशिगंध यांच्या आतेबहिणीनं दोघातिघांना विचारलं. भावाचा एक वर्गमित्र आता बंगलोरला असतो. त्याच्या जुन्या हार्ड डिस्कवर सात फोटो निघाले. मांडवीचे दोन, कमाटीबागेतल्या फुगेवाल्याचा एक, बाकी वर्गातल्या मॉडेलचे. आईचं त्यात नाही.

आईला दाखवले. फुगेवाल्याचं बघून म्हणाली, याचे हात जमलेत.

ताई, रविवारी तुमच्याकडे प्रार्थना असते असं लिहिलं होतंत. मला प्रार्थना येत नाही, यायचीही नाही बहुतेक. नुसता येऊन बसलो तर चालेल का? आई पण येईन म्हणते.

---

काठावरची · १९ डिसेंबर, ११:०२

दादा, या. सात वाजता. आईंना तळमजला आहे सांगा, पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत. प्रार्थना म्हणायचा कोणाला आग्रह नसतो. आम्ही ना. वा. टिळकांची भजनं म्हणतो, पेटी-तबल्यावर, चाली ऐकून त्यांना परकं वाटायचं नाही. जेवून जायचं, हे मात्र आत्ताच सांगून ठेवते.

---

आजीची_पेटी · २२ डिसेंबर, रात्री १०:१५

मी या धाग्यावर फक्त वाचत होते. आज काठावरचीकडे पेटी धरायला मीच होते. आजचं वाचन येशूची आई मरिया तिच्या नात्यातल्या अलीशिबेला भेटायला डोंगराळ प्रदेशात जाते ते. एक अगदी कोवळी पोर, लग्नाआधी दिवस गेलेली, दुसरी म्हातारपणी दिवस गेलेली. दोघींचीही गावात चर्चा होत असणार. अशा वेळी ती पोर घरात लपून बसली नाही, उठून दुसऱ्या बाईकडे गेली आणि तीन महिने राहिली. दांडियाबाजार यांच्या मातोश्री माझ्या शेजारी बसल्या होत्या. भजनात नव्हत्या, पण ताल बरोबर धरत होत्या. नंतर त्यांनी आणि काठावरचीनं स्वयंपाकघरात काय बोलणं केलं ते मी विचारलं नाही. पाऊण तास दोघी बाहेर आल्या नाहीत.

---

निशिगंध · २४ डिसेंबर, रात्री ९:३०

आज आमच्या चोवीसच्या चोवीस पणत्या लागल्या. मुलगी रोज मोजत होती. सगळ्यांना नाताळच्या शुभेच्छा. दांडियाबाजार दादा, तुम्हाला शुभेच्छा देत नाही, आठवण काढली एवढं सांगते.

---

वसईची_लेक · २६ डिसेंबर, रात्री १०:००

नाताळ शांततेत झाला. एक बातमी द्यायची होती. परवा पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्र महामंदिराचं पवित्र द्वार उघडून २०२५ चं जयंती वर्ष, म्हणजे कॅथलिक चर्चचं दर पंचवीस वर्षांनी येणारं पवित्र वर्ष, सुरू केलं. 'आशेचे यात्रेकरू' हे त्याचं ब्रीद. आणि आज दुसरं पवित्र द्वार उघडलं, ते रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात. बॉन्होफरच्या पत्रावर इथे बोलणं झालं म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

जुनी_वही · २६ डिसेंबर, १०:२०

तुरुंगात जाऊन उघडलं! वा. बातमी सांगितल्याबद्दल आभार.

---

काठावरची · रविवार, २९ डिसेंबर, दुपारी १:१५

गाद्यांचा हिशेब. पिंजाऱ्यांकडून सगळ्या भरून आल्या, मांडवीच्या मंडळाच्या कार्यालयात ठेवल्यात. निशिगंध यांच्या चादरीही पोचल्या. वडसरला कोणाला किती लागतील ती यादी पक्की आहे. अडलंय ते वाहनापाशी. ज्यांनी गाडी देतो म्हटलं होतं त्यांची गाडी बंद पडलीय, आणि सांगतात त्याप्रमाणे उद्यापासून थंडी वाढणार आहे.

---

दांडियाबाजार · २९ डिसेंबर, १:२२

गोदामाचा टेम्पो आहे, रिकामाच उभा आहे. उद्या सकाळी आठला मंडळाच्या दारात आणतो. उतरवायला दोन माणसं लागतील, एक मी. वडसरचा पत्ता व्यनि करा.

---

मांडवीचा_मुलगा · २९ डिसेंबर, १:२४

दुसरा मी.